कातरीनबायची रांग

"बाळा, तू माती आहेस आणि मातीला मिळशील, याची आठवण ठेव."

"आई, बाळा नाही. 'हे माणसा' म्हणायचं."

"तेच म्हटलं मी."

"नाही म्हटलं. पुन्हा 'बाळा' म्हणालात."

सासूबाईंनी चुलीतली चिमूटभर राख पुन्हा अंगठ्यावर घेतली. मी पाटावर कपाळ पुढे करून बसले होते. माझ्या कपाळावर तोवर नऊ क्रूस झाले होते, आणि नऊही वेळा त्या 'बाळा' म्हणाल्या होत्या.

इंत्रूजचा, उपवासाआधीच्या शेवटच्या मौजेचा, मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. तिथून पुढे चाळीस दिवस उपवासकाळ, मग ना लग्न, ना वाजंत्री, ना घरात मांस. म्हणून त्या संध्याकाळी आमच्या सगळ्या आळीत इंद्यालाचा, आंबट-तिखट मांसाच्या कालवणाचा, वास भरला होता, आणि तोंडाला मुखवटे बांधलेली पोरं केळीच्या बागांतून एकमेकांना घाबरवत पळत होती. आमच्याकडे मात्र इंद्याल चुलीवर तसंच रटरटत होतं, आणि अडुसष्ट वर्षांची बाई एक वाक्य पाठ करत होती.

"दहाव्यांदा," मी म्हटलं. "हळू. हे… माणसा…"

"अगं, पण कपाळाला हात लावला की तोंडातून तेच येतं," त्या वैतागल्या. "जन्मभर ज्या कपाळांना हात लावला त्यांतलं एकही वीतभर नव्हतं. त्यांना का मी 'हे माणसा' म्हणायचं?"

माझ्या सासूबाई, कातरीनबाय तुस्कानो, गावच्या सुईण होत्या. वसईच्या आमच्या पट्ट्यात दवाखाना झाला तो फार उशिरा. त्याआधीची चाळीस वर्षं, ज्या घरात कळा सुरू होत त्या घरून आमच्या दाराशी माणूस येई, आणि सासूबाई लाल चौकड्यांच्या लुगड्याचा पदर खोचून निघत. अक्षर त्यांना एकही येत नव्हतं. मी शाळेत बाई. त्यामुळे घरात त्या मला भाकऱ्या शिकवत आणि मी त्यांना सही. दोघींचंही वाकडंच येई.

हे राखेचं प्रकरण रविवारी सुरू झालं. आमच्याकडे झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेली झावळी प्रत्येक जण घरी नेतो आणि क्रुसाच्या मागे खोचून ठेवतो. वर्षभर ती तिथे सुकते. घरातली भांडणं, दुखणी, पाळणे, सगळं बघते. मग उपवासकाळाच्या आधीच्या रविवारी त्या जुन्या झावळ्या चर्चच्या मागच्या अंगणात जमा होतात, लोखंडी घमेल्यात जळतात, आणि त्यांचीच राख बुधवारी आपल्या कपाळाला येते. ती राख चाळायचं काम कित्येक वर्षं सासूबाईंचं होतं. मलमलीच्या फडक्यातून तीनदा चाळायच्या. बाळाच्या अंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवून बघावं, तशी त्या ती राख मनगटाच्या आतल्या बाजूला चोळून बघत. खडा टोचला की पुन्हा चाळण.

त्या रविवारी फादर हिलरी त्यांच्यापाशी येऊन उकिडवे बसले. तीन वर्षांपूर्वी आलेले, उंच, हाडकुळे धर्मगुरू. म्हणाले, "कातरीनबाय, धाकट्या फादरांना कावीळ झालीय. सिस्टर मंडळी बाहेरगावी. आठशे माणसांना मी एकटा राख लावणार कसा? बिशपांनी आता प्रापंचिकांनाही परवानगी दिलीय. चाळता तुम्ही, तर लावायलाही तुम्हीच उभ्या राहा."

सासूबाईंच्या हातातलं फडकं थांबलं.

त्या काही बोलायच्या आत मागून आवाज आला. "फादर, राग मानू नका."

हा पास्कोल लोपीस. स्वयंसेवकांचा प्रमुख. एक्केचाळीस वर्षांचा, भरदार, आणि आवाज असा की कर्णा बंद पडला तरी कुणाचं अडायचं नाही. स्वतःच्या घरच्या झावळ्या घेऊन आला होता.

"बाईमाणसाने राख लावायची, हेच लोकांना जड जाईल," तो म्हणाला. "त्यात बाळंतपणं करणारे हात. कशाकशात बुडालेले. वेदीजवळ? कपाळाला? आणि कातरीनबायला वाचताही येत नाही."

"राख वाचायची नसते, पास्कोल," फादर म्हणाले. "लावायची असते."

आम्ही दोघी-तिघी हसलो. पास्कोल हसला नाही. "तुम्ही म्हणाल तसं, फादर. पण समोर कोण येतं ते बघा," एवढं बोलून त्याने झावळ्या घमेल्यात टाकल्या आणि गेला. सासूबाईंबद्दल तो जे बोलला ते त्यांच्यासमोरच बोलला होता. त्या मात्र राख चाळतच होत्या.

"नको, फादर," त्या खाली बघत म्हणाल्या. "त्याचं खरं आहे. माझ्यापुढे कोण येणार?"

आणि तिथे मी तोंड घातलं. "येतील. का नाही येणार? फादर, आई उभ्या राहतील."

म्हणजे होकार त्यांचा नव्हताच. माझा होता. सव्वीस वर्षांची होते. शाळेत फळ्यावर लिहिलं की पोरं वहीत उतरवून घेत. वाटे, गावही तसंच उतरवून घेईल.

इंत्रूजच्या त्या संध्याकाळी बाराव्या क्रुसानंतर सासूबाईंनी हात धुतले आणि माझ्यासमोर पाट ओढून बसल्या.

"एक शब्द दे, आग्नेस."

"कसला?"

"उद्या माझ्यापुढे कुणी आलं नाही, तर तू येऊ नकोस. माझ्या बावतीसलाही सांग. घरचं माणूस पहिलं आलं की सगळ्यांना कळतं, बाहेरचं कुणी आलं नाही. मी रिकामी उभी राहीन. पण कीव नको."

मी शब्द दिला. मग विचारलं, "पास्कोलला इतकं काय आहे हो तुमच्याशी?"

"काही नाही. चांगला आहे तो."

"चांगला? तोंडावर बोलला तुम्हाला! एवढ्या मोठ्याने!"

सासूबाई हसल्या. इंद्यालावरचं झाकण काढून वाफेत बघत म्हणाल्या, "आवाज आहे ना त्याला? मग झालं."

मला वाटलं, ही बाई भोळी आहे.

बुधवारी संध्याकाळी चर्च गच्च भरलं. वेदीवर फुलं नव्हती, जांभळं कापड होतं. उपवासकाळ लागला की आमच्याकडे पेटी मुकी होते, नुसत्या गळ्यांनी गायचं. त्यामुळे गाणं थांबलं की खोकलाही ऐकू येतो.

प्रवचन झालं. फादरांनी राखेला आशीर्वाद दिला, ती दोन पितळी वाट्यांत ओतली आणि एक सासूबाईंच्या हातात दिली. फादर मधल्या वाटेच्या उजवीकडे उभे राहिले, सासूबाई डावीकडे. तेच लाल चौकड्यांचं लुगडं, डोक्यावर पांढरी ओढणी. वेदीच्या पायरीखाली त्या एवढ्याशा दिसत होत्या.

लोक उठले. पास्कोल मधल्या वाटेवर उभा होता, छातीवरून जांभळी पट्टी, हात पसरलेला. "इकडून," तो दबक्या आवाजात म्हणत होता. "इकडून. इकडून." आणि हात दर वेळी उजवीकडे.

फादरांची रांग दारापर्यंत गेली. दाराबाहेर गेली. अंगणात वळली.

सासूबाईंसमोर फरशी होती. नुसती फरशी.

मी मोजत होते. नको म्हणत असताना मोजत होते. फादरांचा अंगठा दहा कपाळांवर गेला. वीस. चाळीस. एक नवी सून, पोटुशी, डावीकडे वळू पाहत होती. पास्कोलने तिला खांद्याला न शिवता, नुसत्या तळव्याच्या इशाऱ्याने वळवलं. "इकडून." तिने एकदा सासूबाईंकडे बघितलं आणि मान खाली घातली.

माझी नजर फरशीवरून हलेना. हे मी केलं होतं. मी फळ्यावर लिहिलं होतं, आणि कुणीही वहीत उतरवलं नव्हतं. शेजारी बावतीस, माझा नवरा, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसला होता. मी उठले. शब्द गेला चुलीत, असं वाटलं. पण सासूबाईंनी लांबून बघितलं. मान हलवली. एकदाच. मी खाली बसले.

त्यांच्या चेहऱ्यावर लाज का नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा वाटलं, त्यांना कळतच नाहीये. पुढे माझ्या स्वतःच्या बाळंतपणात, कळा मधेच थांबल्या आणि मी घाबरले, तेव्हा उशाशी बसून त्या माझ्याकडे अगदी तशाच बघत होत्या. घाई नाही. येईल. यायचं ते येतंच.

गाण्याचं कडवं संपत आलं होतं. तेवढ्यात फादरांच्या रांगेतून एक काठी बाजूला झाली.

ती झाबेलमावशी. पास्कोलची आई. बहात्तर वर्षांची, दोन्ही कानांनी जवळजवळ ठार बहिरी. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा ते कळत नाही. झाबेलमावशी कुजबुजली की तीन आळ्यांत ऐकू जाई.

"तिकडे कोण उभी आहे? कातरीन ना ती?"

पास्कोल धावत आला. "आई, पुढे बघ."

"काय?"

"पुढे बघ म्हटलं!"

"पुढे काय बघू? हिच्यापुढे कुणी का नाही?"

मावशी काठी टेकत डावीकडे वळली. पास्कोलने तिचं कोपर धरलं. "आई, ती आपली रांग नाही."

"काय?"

"ती आपली रांग नाही!"

त्याला ओरडावं लागलं. आणि नेमकं त्याच क्षणी कडवं संपलं. तो मोठा आवाज तसाच छतापर्यंत गेला, आणि वर कुठेतरी बसलेली कबुतरं फडफडली.

झाबेलमावशी थांबली. मुलाकडे वळली. आणि तिच्या मते ती त्याच्या कानातच बोलली.

"आपली नाही? गाढवा, तुझ्या कपाळाला पहिला हात कुणाचा लागला, ठाऊक आहे तुला? निळा होतास. निळा! रडला नाहीस. तुझा बाप फादरांना आणायला सायकलवरून गेला, तर फादर पलीकडच्या गावात. हिने तांब्यातलं पाणी घेतलं, तुझ्या कपाळावर तीनदा ओतलं आणि बाप्तिस्मा दिला. माझ्या डोळ्यांसमोर. पास्काचा, ईस्टरचा आठवडा होता म्हणून पास्कोल नावही हिनेच ठेवलं. तुला नावाशिवाय जाऊ द्यायचं नव्हतं तिला."

फादर हिलरींचा अंगठा एका कपाळापाशी हवेतच राहिला.

आमच्यात रीत अशी की बाप्तिस्मा धर्मगुरूने द्यायचा. पण मूल जगत नाही असं दिसलं, आणि धर्मगुरू लांब असला, तर कुणाच्याही हातचं पाणी चालतं. जुने फादर सुईणींकडून बाप्तिस्म्याचे शब्द पाठ करून घेत. हे सगळ्यांना माहीत होतं. ते शब्द कुणाकुणावर म्हटले गेले, ते मात्र त्या खोल्यांनाच माहीत.

"मग हिने तुझ्या तोंडाला तोंड लावलं आणि फुंकलं," झाबेलमावशी सांगत होती. "फुंकलं, फुंकलं. आणि तू असा बोंबललास, पास्कोल, की वाड्यातल्या म्हशी उठल्या. फादर आले तेव्हा तू माझ्या अंगावर पीत होतास. तेल लावणं, पुढचे विधी, ते मग चर्चमध्ये झाले. तो पांढरा झगा, तो सण, ते नंतरचं. तुझी आजी म्हणाली, वाच्यता नको, मरतुकडं पोर म्हणून नाव पडेल. मी नाही बोलले. पण हीसुद्धा नाही बोलली. एक्केचाळीस वर्षं!"

मला चुलीवरची वाफ आठवली. *आवाज आहे ना त्याला? मग झालं.*

झाबेलमावशी मुलाचा हात सोडवून निघाली. टक, टक, टक. त्या रिकाम्या फरशीवरून जाणारं पहिलं माणूस ती. सासूबाईंसमोर जाऊन तिने ओढणी मागे सारली आणि कपाळ पुढे केलं.

सासूबाईंचा अंगठा वाटीत गेला. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, हे माणसा, आई, हे माणसा.

"बाळा," सासूबाई म्हणाल्या, "तू माती आहेस आणि मातीला मिळशील, याची आठवण ठेव."

मावशीला ऐकू आलं नसणार, पण ओठ तिने वाचले. मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "बाळा म्हणते मला! माझ्याहून चार वर्षांनी धाकटी आहे!"

चर्चमध्ये हसू फुटलं. राखेच्या बुधवारी आमच्या चर्चमध्ये कुणी हसल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मग सगळ्यांनी पास्कोलकडे बघितलं. तो मधल्या वाटेवर होता तिथेच होता. पसरलेला हात खाली आला होता. मान लाल झाली होती. एक पाऊल टाकलं, थांबला. मग ती चार-पाच पावलं चालून तो सासूबाईंसमोर उभा राहिला. त्यांचा हात पोचेना. तेव्हा तो गुडघ्यावर बसला.

सासूबाईंनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं. त्याच्या कपाळावरचे केस डाव्या हाताने मागे केले, अगदी न्हाऊ घालताना करतात तसे.

"बाळा," त्या म्हणाल्या.

पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं. मला वाटतं केलं. पण पास्कोलचे खांदे हलायला लागले होते, आणि पुढचं कुणाला ऐकू आलं नाही.

तो उठला. पट्टी सरळ केली. मधल्या वाटेवर आपल्या जागी गेला. कपाळावर एवढा मोठा काळा क्रूस. त्याने हात पसरला. डावीकडे.

"इकडून," तो म्हणाला. घोगरा आवाज. मग घसा खाकरून, त्याच्या खऱ्या आवाजात: "इकडून!"

पहिली ती पोटुशी सून आली. मग सुतारकाम करणारा मोतेस. मग फादरांच्या रांगेचं शेपूट हललं, अंगणातून दारात, दारातून आत, आणि अर्धी रांग डावीकडे वळली. कुणीकुणी तर फादरांच्या अगदी समोर पोचले होते, ते ओशाळून म्हणाले, "फादर, मी जरा…" आणि फादर म्हणाले, "जा, जा." म्हातारे आले, कॉलेजातली पोरं आली, सदा गंभीर असणारी आमची मुख्याध्यापिकाही आली. आणि सासूबाई, आता भीड चेपलेल्या, वाक्याच्या मागे आपलंही एखादं जोडू लागल्या.

"बाळा, तू माती आहेस… तू पायाळू. आईला फार छळलंस."

"बाळा, मातीला मिळशील… जुळ्यातली दुसरी ना तू? पहिली कुठे आहे?"

"आठवण ठेव, बाळा. नाळ मानेभोवती होती तुझ्या."

तेहेतीस वर्षांचा बँकेतला माणूस मानेला हात लावून जागेवर गेला.

वाटीतली राख संपली. फादर हिलरी स्वतः चालत आले आणि आपल्या वाटीतली अर्धी त्यांच्या वाटीत ओतली. तीही संपत आली. मी सगळ्यांत शेवटी उभी राहिले. शब्द पाळला होता. आता मला हक्क होता. त्यांनी वाटीची कड अंगठ्याने पुसून घेतली, माझ्या कपाळाला लावली, आणि म्हणाल्या, "बाळा."

मी दुरुस्ती केली नाही.

मग फादरांचं लक्ष गेलं. "कातरीनबाय, तुमचं कपाळ?"

कोरं होतं. आठशे कपाळं काळी, आणि त्यांचंच तेवढं स्वच्छ. फादरांनी वाटी उपडी केली. काही नाही. दुसरीतही नाही.

"फादर," पास्कोल पुढे आला. वाकला. "माझ्यावर दोघांपुरती आहे."

फादर हिलरींनी त्याच्या कपाळावरून अंगठा फिरवला, आणि तीच राख सासूबाईंच्या कपाळाला लावली. पुस्तकात असं कुठे लिहिलेलं नाही. मी नंतर शोधलं.

घरी आल्यावर पेजेचा वाडगा पुढे ठेवून मी विचारलं, "किती जणांना दिला होता हो तसा बाप्तिस्मा?"

"मोजायचं असतं होय?"

"आणि पास्कोल तोंडावर तसं बोलला, तेव्हाही सांगावंसं नाही वाटलं?"

"बाळंतिणीच्या खोलीतलं खोलीत राहतं. जे रडले त्यांना मी तिथेच विसरते." त्यांनी पेज ढवळली. "जे रडले नाहीत त्यांची नावं रोज जपमाळेत घेते. ती माझीच ठेवलेली नावं. दुसरं कोण घेणार?"

उपवासकाळात आमच्या घरी गाणं नसे. पण त्या संध्याकाळी भांडी लावताना त्या गुणगुणल्या. बायका जात्यावर ओव्या रचत तशी, जागच्या जागी रचलेली:

*पाण्याने दिलं नाव, राख देते आठवण,*
*मधल्या चालण्याला, बाई, देवाची गं राखण.*

मी ती ओवी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली. त्या दिवशी फळ्यावर त्यांनी लिहिलं आणि वहीत मी उतरवलं.

सासूबाई जाऊन एकोणीस वर्षं झाली. आता राखेच्या बुधवारी आमच्याकडे चार रांगा असतात, त्यांतल्या दोन रांगांना राख बायका लावतात. त्यातली एक माझी. सेवकांसाठी वाक्य छापलेला कागदही मिळतो. मला पाठ आहे. हे माणसा, असंच म्हणते मी सगळ्यांना, चोख.

फक्त दरवर्षी रांगेच्या शेवटी एक म्हातारा येतो. पट्टी सोडून बारा वर्षं झाली त्याला, आवाज मात्र तसाच. गुडघे दुखतात तरी खाली बसतो. केस उरलेले नाहीत, तरी मी कपाळावरून हात मागे फिरवते. तो डोळे मिटून थांबतो. मला ठाऊक असतं तो कशासाठी थांबलाय.

"बाळा," मी म्हणते.